जुन्या भरतकामाचं काय करावं: फ्रेम, कुशन, पिशवी की गोधडी?

भरतकामाचे जुने अभ्रे, टेबलक्लॉथ, रुमाल वापरवत नाहीत आणि टाकवतही नाहीत. त्यांचं काय करायचं हे बहुतेक जण नक्षी बघून ठरवतात, पण ठरवायला हवं कापड बघून. वरचे टाके शाबूत आणि खालचं कापड विरलेलं, हे फार वेळा दिसतं.

आधी कापड उजेडासमोर धरा. जिथून प्रकाश जास्त येतो तिथे ते झिरझिरीत झालंय. घडीच्या रेघा पाहा. वर्षानुवर्षं एकाच जागी दुमडलेलं कापड तिथेच आधी चिरतं. मग एक कोपरा दोन्ही हातांच्या चिमटीत धरून उरेप, म्हणजे तिरक्या दिशेने हलकेच ताणा. ताण सोडल्यावर कापड जागेवर आलं तर त्यात जीव आहे. धागे तुटल्याचा बारीक आवाज आला, तर पिशवीचा विचार तिथेच सोडा.

धुण्याआधी पांढरी ओली चिंधी उलट बाजूने प्रत्येक रंगावर अर्धा मिनिट दाबून बघा. लाल, गडद निळा आणि काळा हे बेभरवशाचे. चिंधीला रंग लागला तर कापड पाण्यात घालू नका. रंग पक्के असतील आणि कापड-धागा दोन्ही सुती किंवा लिनन असेल, तर पिवळेपणावर ऑक्सिजन ब्लीच कोमट पाण्यात चालतं. रेशमाला आणि लोकरीला नाही. क्लोरीनचं ब्लीच कशालाच नको, त्याने धागा कमजोर होतो. गंजाचा डाग असेल तर ऑक्सिजन ब्लीचही टाळा: लोखंडामुळे ब्लीचची क्रिया त्या जागी भडकते आणि डाग जाऊन भोक उरतं. इस्त्री जाड टॉवेलवर, भरतकाम खाली ठेवून, म्हणजे टाके चपटे होत नाहीत.

फ्रेम. विरलेल्या कापडाला हाच मार्ग. कात्री लावावी लागत नाही, आणि मन बदललं तर मागे बांधलेला दोरा काढून कापड पूर्ववत मिळतं. अट एकच, गोंद किंवा दोन्ही बाजूंनी चिकटणारी टेप वापरायची नाही. काही वर्षांत तिचे पिवळे डाग वर येतात. नक्षीच्या चारही बाजूंना ५ सेंमी कापड हवं. ते आम्लरहित पुठ्ठ्यावरून मागे दुमडून, समोरासमोरच्या कडा मजबूत दोऱ्याने नागमोडी ओढून बांधतात. काच कापडाला टेकू देऊ नका, दोघांच्या मध्ये कडेने पट्टी घाला. नाहीतर दमट हवेत आत बुरशी धरते. भिंत निवडताना थेट ऊन येत नाही ना, ते बघा.

कुशन. कापड धड असेल आणि नक्षी मधोमध असेल, तर आमची पहिली पसंती कुशनला. ४० सेंमीच्या कुशनसाठी पुढचा तुकडा ४३ × ४३, मागचे दोन ४३ × ३०. शिलाईला १.५ आणि मागच्या तुकड्यांच्या उघड्या कडा दुमडायला २.५ सेंमी धरले की मागे १२ सेंमी एकावर एक येतात, चेन लागत नाही. नक्षी शिलाईपासून निदान ५ सेंमी आत ठेवा.

बिघडतं ते एकाच ठिकाणी. भरलेला भाग कडक असतो, भोवतालचं कापड मऊ. उशीचा ताण आला की नेमकं नक्षीच्या कडेला फाटतं. म्हणून मागे मलमलीचं अस्तर कच्च्या टाक्यांनी जोडा आणि दोन्ही एकत्र शिवा. एरवी गुबगुबीत दिसावं म्हणून खोळीपेक्षा मोठी उशी भरतात. इथे ४० चीच भरा. इस्त्रीने चिकटणारं फ्युझिंग सोपं वाटतं, पण उलट बाजूच्या गाठींवर ते नीट बसत नाही, भोवती फुगे येतात, आणि पातळ कापडातून गोंद वर दिसतो. शिवाय ते परत निघत नाही.

पिशवी. सगळ्यात हौसेने केली जाते आणि सगळ्यात लवकर खराब होते. अख्खी पिशवी जुन्या कापडाची करू नका. नव्या जाड कॅनव्हासची करा आणि भरतकामाचा तुकडा बाहेरून खिसा म्हणून लावा, तळापासून ८–१० सेंमी वर. दोन्ही कापडं आधी धुवा, नाहीतर नवीन आटतं आणि जुनं चुरगळतं. लांब भरीव टाके असतील तर पिशवी नकोच. किल्ल्यांत अडकून ते उसवतात.

गोधडी. छोटे तुकडे बरेच असतील तरच. चौकोन १५ ते २० सेंमीचे, पण सगळे सारख्याच ताकदीचे. एक विरलेला तुकडा घातला की तोच आधी जातो, आणि मधला चौकोन बदलणं मोठं जिकिरीचं. धावदोरा नक्षीवरून नेऊ नका, बाजूने फिरवा.

कुठेही कापायचं असेल तर कात्रीच्या रेघेपासून ५ मिमी आत आधी बारीक टीप मारा, मग कापा. रेघ टाक्यांवरून जात असेल तर जागा बदला. भरीव टाका एकदा कापला की उसवत जातो. कटवर्कला (नक्षीतलं कापड कापून जाळी केलेल्या भरतकामाला) मागे गडद कापड दिलं तर जाळी उठून दिसते. क्रोशाची लेस धड असेल तर ती उसवून वेगळी ठेवा. मूळ कापड गेलं तरी ती नव्या कापडाला लागते.