फिजीच्या संसदेचं लाइव्ह आणि हॅन्सार्ड: फुकट आहे, राजकारणाची आवड असेल तर सोडू नका

ज्यांना निवडणुका, आकडेमोड, कोण कुणाबरोबर गेलं हे सगळं मनापासून आवडतं त्यांच्यासाठी हा रिव्ह्यू. फिजीची संसद स्वतःचं कामकाज फेसबुक आणि यूट्यूबवर लाइव्ह दाखवते आणि मग त्या दिवसाचं हॅन्सार्ड, म्हणजे सभागृहात कोण काय बोललं त्याची पूर्ण नोंद, वेबसाइटवर पीडीएफमध्ये टाकते. एक पैसा लागत नाही. कामकाज सहसा सकाळी साडेनऊला सुरू होतं पण ते फिजीची राजधानी सुवाचे साडेनऊ, आपल्याकडे तेव्हा पहाटेचे तीन, त्यामुळे लाइव्हच्या मागे लागू नका, रेकॉर्डिंग बघा.

सुरुवात २४ डिसेंबर २०२२ च्या बैठकीपासून करा, निवडणुकीनंतर पंतप्रधान कोण हे त्या दिवशी ठरलं. जागा ५५. तेव्हाचे पंतप्रधान बैनिमारामांचा फिजीफर्स्ट पक्ष २६, त्यांना आव्हान देणाऱ्या राबुकांचा पीपल्स अलायन्स २१, नॅशनल फेडरेशन पार्टी ५ आणि सोडेल्पा हा पक्ष ३. म्हणजे सगळी चावी त्या तीन जणांच्या हातात, आणि सोडेल्पाच्या बोर्डात कुणाबरोबर जायचं यावर दोनदा मतदान झालं, दुसऱ्यांदा १३ विरुद्ध १२ असं राबुकांच्या बाजूने. आता बेरीज करा, २१ अधिक ५ अधिक ३ म्हणजे २९ व्हायला हवेत ना? पण सभागृहात गुप्त मतदान झालं आणि राबुकांना मिळाली २८, बैनिमारामांना २७! एक मत कुठेतरी सरकलं, अजून एक सरकलं असतं तर निकालच उलटा. स्पीकरच्या निवडणुकीतही तेच, २८-२७. हे आकडे बातमीत वाचणं वेगळं आणि तो अख्खा दिवस क्रमाने बघणं वेगळं.

मला यातली सगळ्यात आवडलेली गोष्ट म्हणजे कुणालाच बहुमत नसेल तर पंतप्रधान तिथे सभागृहातच मतदानाने ठरतो आणि शपथ त्यानंतर. आपण २०१९ चा पहाटेचा शपथविधी बघितलाय, आधी शपथ आणि मग बहुमताची धावपळ, त्यामुळे मराठी माणसाला हा फरक लगेच पटेल. अविश्वास ठराव आणायचा तर त्यातच पुढचा पंतप्रधान कोण हे नाव द्यावं लागतं, हेही मला फार शहाणपणाचं वाटतं.

निवडणुकीची पद्धत मात्र मला पटत नाही. अख्खा देश एकच मतदारसंघ आणि मतपत्रिकेवर नाव नाही, फोटो नाही, चिन्ह नाही, नुसते आकडे. २०१४ ला बैनिमारामांचा नंबर २७९ होता. आपला उमेदवार कितवा ते यादीत बघून लक्षात ठेवायचं आणि त्या नंबरवर खूण करायची, आणि पक्षाला ५ टक्के मतं नसतील तर जागाच नाही. वयस्कर माणसाला किती अवघड आहे हे.

व्हिडिओपेक्षा हॅन्सार्ड जास्त कामाचं आहे असं माझं मत. मध्येच कुणी ओरडलं तर तेही कंसात येतं, मंत्र्याने उत्तर टाळलं तर ते कागदावर लगेच कळतं. फेब्रुवारी २०२३ चं पण वाचा, बैनिमारामांचं राष्ट्रपतींवर टीका करणारं भाषण आणि मग तीन वर्षांचं निलंबन. याच देशात २००० साली बंडखोरांनी संसदेत घुसून पंतप्रधान महेंद्र चौधरींना ५६ दिवस ओलीस ठेवलं होतं, २००६ च्या लष्करी बंडानंतर २०१४ पर्यंत संसदच नव्हती, आणि १९८७ ला बंड करणारे राबुका आता त्याच सभागृहात मतं मोजून पंतप्रधान झाले. म्हणून मला ही रोजची नोंद इतकी मोलाची वाटते.

हॅन्सार्डला पाचपैकी पाच, व्हिडिओला चार. इंग्रजी वाचायचा कंटाळा नसेल आणि हाताशी तारखांची यादी असेल तर एका रविवारी भरपूर वाचून होतं, प्रश्नोत्तरांपासून सुरू करा, बजेटची भाषणं नंतर.