ड्यूररचे मुद्राचित्र घेताना: हयातीतली जीर्ण प्रत, की नंतरची धड प्रत?

न्युरेंबर्गचा जर्मन चित्रकार आल्ब्रेख्ट ड्यूरर (१४७१–१५२८) याची रंगचित्रे जवळजवळ सगळी संग्रहालयांत जाऊन बसली आहेत. त्यामुळे लिलावात हात वर करणाऱ्यापुढे खरा प्रश्न उरतो तो मुद्राचित्रांचा, म्हणजे कोरलेल्या ठशावरून कागदावर छापलेल्या चित्रांचा. तो बहुधा असा पडतो, की जवळपास सारख्याच अंदाजित किमतीला दोन प्रती समोर असतात. एक ड्यूररच्या हयातीत छापलेली, पण घडीवर फाटलेली आणि मागून कागद लावून सांधलेली; दुसरी त्याच्या मृत्यूनंतर त्याच ठशावरून काढलेली, पण कागद शाबूत असलेली. माझे मत असे, की ताम्रपटावरचे चित्र असेल तर पहिली प्रत घ्यावी आणि लाकडी ठशावरचे असेल तर दुसरीलाही मनापासून संधी द्यावी.

ताम्रपटात रेषा धातूत कोरलेली असते आणि शाई त्या खाचेत बसते. दाबयंत्रातून पत्रा जितक्या वेळा जाईल तितक्या खाचा उथळ होतात, आणि झीज सर्वांत आधी दिसते ती बारीक छायारेषांत. १५१४ सालचे ‘मेलेंकोलिया १’ (सुमारे २४ × १८.५ सेंमी) भिंगाखाली धरून पाहावे. चांगल्या सुरुवातीच्या प्रतीत त्या पंखधारी स्त्रीचा चेहरा गडद सावलीत असतो आणि त्यातून डोळ्यांचे पांढरे तेवढे चमकतात. झिजलेल्या प्रतीत तोच चेहरा करडा पडतो आणि सारी नजरच विझते. फाटलेला कागद कुशल माणूस सांधू शकतो, पण गेलेली सावली कोणी परत आणू शकत नाही. याच चित्रातल्या जादूच्या चौकोनात पहिल्या अवस्थेत, म्हणजे पत्र्यात दुरुस्ती होण्यापूर्वीच्या प्रतींत, ९ हा आकडा उलटा कोरला गेला होता आणि नंतर तो सुधारला गेला. उलट्या आकड्याची प्रत अत्यंत दुर्मीळ असल्याने तिचा हिशेबच वेगळा. १५१२ सालच्या, वठलेल्या झाडाजवळच्या संत जेरोमसारख्या कोरड्या सुईने ओरखडलेल्या चित्रांत तर झीज थोड्याच प्रतींत होते, म्हणून तिथे उशिराची प्रत घेऊच नये.

लाकडी ठशाचे तसे नाही. तिथे रेषा उठावाची असते, ती सावकाश झिजते, आणि ठोकळा बिघडला की बिघाड उघड दिसतो. याचे उत्तम उदाहरण म्हणजे १५१५ सालचा ‘गेंडा’. गुजरातचा सुलतान मुझफ्फरशाह दुसरा याने पोर्तुगीज गव्हर्नर आफोन्सो दि आल्बुकेर्कला भेट दिलेला हा प्राणी गोव्याहून जहाजाने निघून २० मे १५१५ रोजी लिस्बनला पोहोचला. ड्यूररने तो स्वतः कधीच पाहिला नाही, वर्णन आणि एका रेखाटनावरून ठसा घडवला. पहिल्या आवृत्तीत चित्राच्या माथ्यावर पाच ओळींचा मजकूर आहे. तिची एक प्रत जानेवारी २०१३ मध्ये न्यूयॉर्कला क्रिस्टीजच्या लिलावात ८,६६,५०० डॉलरला गेली. नंतरच्या आवृत्त्यांत चौकटीच्या रेषा तुटल्या, किड्यांची छिद्रे उमटली, पायांतून आडवी चीर गेली, तरी गेंड्याचे कवच आणि त्याचा दरारा टिकून राहिला. १६२० नंतर आम्स्टरडॅमच्या विलेम यान्सनने दुसरा ठसा जोडून हिरवट किंवा करड्या छटेत काढलेल्या प्रतींना तर स्वतःची अशी मागणी आहे. ज्याला चित्र हवे आहे, विक्रम नको, त्याने या उशिराच्या प्रती कमीपणाच्या मानू नयेत.

कापलेल्या कडांना घाबरू नये. ड्यूररच्या प्रती बहुधा चौकटीपर्यंत कापलेल्याच मिळतात. कात्री चित्रात शिरली असेल तरच भाव खाली यायला हवा. मागून पूर्ण कागद लावलेल्या प्रतीबद्दल मात्र मी साशंक असतो, कारण त्यामागे पातळ पडलेली जागा आणि जलचिन्ह (कागद बनवतानाच त्यात उमटवलेली, उजेडात दिसणारी खूण) दोन्ही लपतात. कागद उजेडासमोर धरल्यावर बैलाचे डोके किंवा उंच मुकुट दिसला, तर प्रतीचा काळ ठरवायला मोठा आधार मिळतो. योझेफ मेडर यांच्या १९३२ च्या सूचीत हीच जलचिन्हे धरून प्रतींचा क्रम लावला आहे. लिलावाच्या यादीत ‘मेडर ७५’ (त्या सूचीतला ‘मेलेंकोलिया १’चा क्रमांक) यानंतर येणारे, प्रतीचा क्रम सांगणारे अक्षर म्हणूनच नीट वाचावे. ‘अपोकॅलिप्स’ या लाकडी ठशांच्या चित्रमालेत पाठीमागचा जर्मन किंवा लॅटिन मजकूर १४९८ आणि १५११ च्या आवृत्त्या ओळखायला उपयोगी पडतो.

चित्रातले ‘एडी’ हे ड्यूररच्या नावाच्या आद्याक्षरांचे जुळाक्षर म्हणजे सही नव्हे. ते ठशातच कोरलेले असल्याने नकलांतही येते. एकोणिसाव्या शतकात पॅरिसच्या आमाँ-द्युराँने काढलेल्या प्रतिकृती अभ्यासाला सुंदर आहेत, पण त्यांच्या पाठीवरचा लाल शिक्का खरवडून त्या मूळ म्हणून पुढे आलेल्या आहेत, आणि अशा जागी कागद उजेडात पातळ दिसतो.

दोन्ही प्रतींचा भाव तोलताना लिलावगृहाचे शुल्क धरूनच मर्यादा ठरवावी, कारण मोठ्या लिलावगृहांत हातोड्याच्या किमतीवर साधारण पाव भाग आणखी चढतो. बोली लावण्यापूर्वी पाठीमागून उजेड देऊन आणि तिरप्या उजेडात असे दोन फोटो मागवावेत. जीर्ण प्रतीचे ते मिळाले नाहीत, तर धड प्रतीकडे वळावे.