प्रत्येक पोजचा एक-एक नग मागणारं गिऱ्हाईक

ऐतिहासिक वॉरगेमिंगच्या, म्हणजे टेबलावर छोटे सैनिक मांडून जुन्या लढाया खेळण्याच्या छंदाच्या, फिगर विकणाऱ्यांनी, त्यातही उत्पादन बंद झालेला जुना धातूचा माल ठेवणाऱ्यांनी, हे जरूर वाचा. मला गंडवणारा माणूस या छंदातला पक्का जाणकार होता. अडाणी भामटा असता तर पहिल्या दोन निरोपांतच ओळखू आला असता.

त्याचा पहिला प्रश्नच असा, की दुकानदार खूश व्हावा. माझ्याकडच्या नेपोलियनकालीन फ्रेंच पायदळाचे कोट १८१२ च्या गणवेश-नियमांआधीचे, लांब शेपटांचे आहेत, की नंतरचे आखूड? असं विचारणारी माणसं किती भेटतात! मग त्याची छोटीशी ऑर्डर आली. प्रत्येक पोजचा एक नग: एक अधिकारी, एक ढोलवाला, एक ग्रेनेडियर (निवडक, दणकट सैनिक), चालतानाचा एक फ्युझिलियर (साधा पायदळी सैनिक), नेम धरलेला एक. पैसे लगेच, वर माल आवडल्याचा लांबलचक अभिप्राय.

खरी गोम या ऑर्डरमध्येच होती. सैन्य उभारणारा असा माल घेत नाही. १८०८ पासून फ्रेंच बटालियनमध्ये सहा कंपन्या असत: चार फ्युझिलियरांच्या, एक ग्रेनेडियरांची, एक व्होल्टिजरांची, म्हणजे पुढे पसरून लढणाऱ्या चपळ सैनिकांची. त्यामुळे बटालियन मांडणाऱ्याला फ्युझिलियर ढिगाने लागतात, ग्रेनेडियर आणि व्होल्टिजर थोडे, आणि अधिकारी, झेंडेवाला, ढोलवाला अगदी मोजके. रंगवण्यापुरतं घेणारा आवडलेले दोन-तीन उचलतो. सगळ्या पोज, प्रत्येकी एक, असा संच घेणारा संग्राहक असतो, नाहीतर साचे बनवणारा.

पुढे त्याने त्याच जातीचा माझा उरलेला सगळा साठा मागवला. माल पोचल्यावर तक्रार आली: ओतकाम खराब आहे, संगिनी अर्धवट आहेत. सोबत फोटो. ज्या विक्री-मंचावरून व्यवहार झाला, तिथे परतीचं पार्सल दुकानात पोचल्याची नोंद पडली की गिऱ्हाइकाचे पैसे आपोआप सुटतात. मी खोका उघडेपर्यंत रिफंड होऊन गेला होता.

आत नग बरोबर तेवढेच. पोजही त्याच. पण सैनिक माझे नव्हते. पहिल्या ऑर्डरमधल्या नमुन्यांवरून रबरी साचे करून ओतलेल्या नकला होत्या त्या. माझा अस्सल माल त्याच्याकडेच राहिला, पैसेही त्याच्याकडे, शिवाय साचे आहेतच.

नक्कल ओळखायची कशी, हे सविस्तर सांगतो. ओतलेला धातू थंड होताना आकसतो, म्हणून नक्कल मूळ फिगरपेक्षा किंचित लहान भरते. एकेक पाहून कळत नाही, अस्सल फिगर शेजारी उभी केली की टोपीच्या उंचीत फरक दिसतो. बाहीची बटणं, पट्ट्याची बकलं, चेहरा, सगळं बोथट होतं. तळाशी कोरलेला उत्पादकाचा क्रमांक पुसट येतो. साच्याच्या जोडाची रेघ मुळात नव्हती तिथे उमटते. आणि वजन! जुन्या मिश्रधातूत शिसं भरपूर असे. शिशाची घनता ११.३, कथलाची ७.३. माझ्या नकला कथलाच्या होत्या, हातात घेताच पोकळ वाटाव्यात इतक्या हलक्या. जुनी शिसाळ फिगर कागदावर घासली की करडी रेघ उठते, यांची उठत नव्हती. (शिसं हाताळलंत तर हात धुवा, हे जाता जाता.)

मंचाच्या तक्रार विभागाला यातलं काही पटवता आलं नाही. त्यांच्या लेखी पाठवले तेही धातूचे सैनिक, परत आले तेही धातूचे सैनिक. उपयोगी पडू शकला असता असा एकच पुरावा होता, कुरिअरच्या दोन पावत्यांवरची वजनं. परतीचं पार्सल चांगलंच हलकं होतं. पण जाणारा माल किती वजनाचा होता याचा फोटो नसल्याने 'पॅकिंग वेगळं असेल' म्हणून त्यांनी प्रकरण मिटवलं.

आता दुर्मीळ माल निघण्यापूर्वी तराजूवर ठेवून फोटो काढतो, तळांचाही काढतो. प्रत्येक तळाच्या कडेला कानशीने बारीक खाच मारतो. रंगवणाऱ्याला ती दिसत नाही, परतीच्या मालात मला दिसते. परतीचं पार्सल कॅमेऱ्यासमोरच उघडतो. आपोआप रिफंड होणाऱ्या मंचावर हा माल ठेवणंच बंद केलंय. विक्री घटली, घटू दे.

मधे पुन्हा तशीच ऑर्डर आली, या वेळी प्रशियन लांडवेअरच्या, म्हणजे प्रशियाच्या नागरी सैन्याच्या, सगळ्या पोज, एकेक. कोणती रेजिमेंट उभारताय, एवढंच विचारलं. ऑर्डर रद्द झाली. विचारून पाहा तुम्हीही. खरा छंदी असेल तर तासभर बोलत बसेल.

घेणाऱ्यांनीही सांभाळा. माझ्या फिगरवरून केलेल्या नकला आज कुठेतरी 'जुना संग्रह' म्हणून विकायला असणार. घेण्याआधी तळाचा फोटो आणि एका नगाचं वजन मागा, आणि विकणारा टाळाटाळ करू लागला तर पैसे पाठवू नका.