कमी मार्कांवर लॉची सीट देतो म्हणणाऱ्यांपासून सांभाळा

माझ्या भाच्याला बारावीला 43.17 टक्के पडले. कॉमर्स, ओपन कॅटेगरी. पाच वर्षांच्या लॉला ओपनमधून किमान 45 टक्के लागतात, ओबीसीला 42, एससी-एसटीला 40. अट बार कौन्सिल ऑफ इंडियाची आहे, त्यामुळं महाराष्ट्र सोडून कर्नाटकात गेलं तरी सुटका नाही. ऑगस्ट 2025 मध्ये कोल्हापुरात हायकोर्टाचं सर्किट बेंच सुरू झालं आणि आपल्याकडं पोराला वकील करायची लाटच आली. एजंटांना दुसरं काय पाहिजे?

आमचा एजंट राजारामपुरीत बसायचा. एसी केबिन, भिंतीवर काळ्या कोटातल्या पोरांचे फोटो. बहिणीला म्हणाला, "ताई, टक्क्यांचं टेन्शनच घेऊ नका. मॅनेजमेंट कोट्यात टक्के कोण बघतंय?" एक लाख ऐंशी हजारात सीट, त्यातले साठ हजार आत्ता, 'सीट ब्लॉक' करायला. चाळीस रोख घेतले, वीस यूपीआयवर, तेही तिसऱ्याच कुणाच्या तरी नावावर.

गडी निव्वळ थापा मारत नव्हता, हे ध्यानात घ्या. खाजगी कॉलेजांत संस्थास्तरावरच्या जागा, म्हणजे हाच मॅनेजमेंट कोटा, खरंच असतात. पण त्यांनाही पात्रतेची अट तीच, आणि तिथंही अर्ज मागवून गुणवत्ता यादी लावावी लागते. लॉच्या प्रवेश परीक्षेत, म्हणजे सीईटीत, निगेटिव्ह मार्किंग नाही, हेही तो खरंच सांगायचा. त्यामुळं ऐकणाऱ्याला वाटतं, सीईटी दिली की जमलं. अडतं ते बारावीच्या टक्क्यांवर, आणि तिथं 44.9 ला 45 धरत नाहीत. आमचे तर जवळजवळ दोन टक्के कमी.

खरी मेख फॉर्ममध्ये होती. "तुमच्याकडून चुका होतील, आम्ही भरतो," म्हणून सीईटी सेलच्या फॉर्मवर त्यानं मोबाईल नंबर आणि ईमेल स्वतःचा टाकला. ओटीपी त्याला, मेसेज त्याला. कॅप राउंडसाठी, म्हणजे सरकारी केंद्रीय प्रवेश फेरीसाठी, कागदपत्रांच्या तपासणीत पोरगा अपात्र ठरला, ते घरात कुणाला कळलंच नाही. इकडं त्याचं रोज 'प्रोसेसमध्ये आहे' चालू. मग व्हॉट्सॲपवर कॉलेजचं म्हणून प्रोव्हिजनल ॲडमिशनचं पत्र आलं. शिक्का गोल, सही झोकात; पण कोर्स लिहिला होता तीन वर्षांचा, जो पदवीनंतरच करता येतो! भाच्यानं कॉलेजात फोन लावला तर त्यांच्याकडं या नावाची नोंदच नव्हती.

पैसे मागायला गेलो तेव्हा त्यानं आमचीच पावती आमच्यापुढं धरली. वर मोठ्या अक्षरात बहिणीचं नाव आणि रक्कम. खाली जांभळ्या शाईचा रबरी शिक्का, निम्मा पुसट: 'समुपदेशन शुल्क, परत मिळणार नाही.' कॉलेजचं नाव कुठंच नाही. ठाण्यात गेलो तर म्हणाले, हा दिवाणी मामला दिसतोय. एका ओळखीच्या वकिलांनी भारतीय न्याय संहितेच्या कलम 318 खाली, म्हणजे फसवणुकीचा, रीतसर अर्ज लिहून दिला. तो स्टेशन डायरीला गेल्यावर वीस हजार परत आले. बाकीच्याची बोंब.

सरळ रस्ता होताच, तो त्या केबिनमध्ये कुणी सांगितला नाही, कारण त्यात कमिशन नाही. बोर्डाच्या श्रेणीसुधार योजनेतून बारावी पुन्हा देता येते. नाहीतर कुठलीही पदवी 45 टक्क्यांनी काढायची आणि तीन वर्षांच्या लॉची सीईटी द्यायची. सगळं मिळून पाचाऐवजी सहा वर्षं, एवढाच फरक. भाच्यानं बी.कॉम.ला नाव घातलंय. आणि "घरबसल्या एलएलबी" विकणाऱ्यांच्या तर वाऱ्यालाही उभं राहू नका. पत्राद्वारे केलेल्या एलएलबीवर सनद, म्हणजे वकिलीचा परवाना, मिळत नाही.

त्याच केबिनमध्ये पैसे भरलेले आणखी दोघं पालक आम्हाला भेटलेत, एक कागलचे, एक गडहिंग्लजचे. आता एकत्र अर्ज पोलीस अधीक्षकांकडं देतोय. कुणाकडं जांभळ्या शिक्क्याची तशी पावती असेल तर ती आणि यूपीआयचं स्टेटमेंट जपून ठेवा, व्हॉट्सॲपचे मेसेज डिलीट करू नका, आणि फॉर्म दुसऱ्यानं भरला असेल तर त्यावर नंबर कुणाचा आहे ते आजच बघा.