बिलासोबत मिळालेला कागद : म्हापशातील एका संगणक दुरुस्ती दुकानाविषयी

म्हापशाच्या बाजारपेठेतील ज्या छोट्या दुकानात मी 2025 च्या चतुर्थीच्या तोंडावर संगणक दुरुस्तीला नेला, तेथील काम मला आवडले. पण त्याहून अधिक आवडला तो बिलाला टाचलेला हाताने लिहिलेला कागद. माझ्या किराणा दुकानाची सगळी उधारी ज्या बिलिंग सॉफ्टवेअरमध्ये होती ते उघडेना, फायलींच्या नावांना अनोळखी शेपटे चिकटले होते आणि पडद्यावर खंडणीची चिठ्ठी होती. जूनमध्ये सीएंना ईमेलने पाठवलेली प्रत शोधून दुकानदारांनी तेथवरचा हिशेब परत उभा केला. पुढचा गेला तो गेलाच, आणि हे त्यांनी पहिल्याच दिवशी स्पष्ट सांगितले होते.

कागदावर कोणाची चूक काय याचे दोन रकाने होते. सॉफ्टवेअर कंपनीच्या रकान्यात लिहिले होते की, सॉफ्टवेअर बसवताना अँटिव्हायरस बंद करायला सांगितले गेले आणि काउंटरवरच्या मुलालाही अ‍ॅडमिनचे, म्हणजे संगणकात काहीही बदलण्याचे, अधिकार दिल्याशिवाय ते चालतच नसे. माझ्या रकान्यात, अपडेटची सूचना मी महिनोन्‌महिने पुढे ढकलली आणि बॅकअपचा पेनड्राइव्ह कायम त्याच संगणकाला लावून ठेवला, त्यामुळे तोही कुलूपबंद झाला. मी वाद घातला, तेव्हा त्यांनी फायली कुलूपबंद करून खंडणी मागणाऱ्या वॉनाक्राय या व्हायरसचे उदाहरण दिले : मायक्रोसॉफ्टने 14 मार्च 2017 रोजी विंडोजच्या अपडेटमधून दुरुस्ती दिली होती, तरी 12 मे रोजी ती न बसवलेले असंख्य संगणक अडकले, मात्र जुन्या विंडोज एक्सपीसाठी सर्वांना खुली दुरुस्ती आली ती हल्ल्यानंतरच. माझ्या विंडोज 10 चा नियमित आधार 14 ऑक्टोबरला संपणार होता आणि यंत्रात टीपीएम 2.0 ही सुरक्षेची चिप नसल्याने ते विंडोज 11 च्या अटींत बसत नव्हते. हा मुद्दा त्यांनी दोन्ही रकान्यांच्या मधल्या रेघेवर लिहिला होता, आणि मला तो योग्यच वाटला.

तक्रारीही आहेत. दर आधी सांगत नाहीत, फोन क्वचितच उचलतात. शुक्रवारी, बाजाराच्या दिवशी, तर जाऊच नये. तरीही सध्या माझा दुसरा संगणक त्यांच्याकडेच आहे. त्या कागदाची प्रत मी सॉफ्टवेअर कंपनीला पाठवली होती. उत्तरात त्यांनी परवान्याच्या अटींतले एक कलम तेवढे चिकटवले : माहितीच्या सुरक्षिततेची जबाबदारी ग्राहकाची राहील.