सहा खिडक्या, एक व्हेंटिलेटर आणि मधली फट

आधी पैशाचं सांगते, कारण घरी येणारा प्रत्येक जण तेच विचारतो. धुळ्यात देवपुरात आमचं घर आहे, 1986 साली बांधलेलं. त्याच्या जुन्या लाकडी खिडक्या काढून आम्ही यूपीव्हीसीच्या, म्हणजे कडक प्लॅस्टिकच्या, बसवल्या. चार बाय चारच्या पाच खिडक्या, हॉलची एक पाच बाय चारची आणि स्वयंपाकघराचं व्हेंटिलेटर. यूपीव्हीसीचा दर ठरला 720 रुपये चौरस फूट. सहा खिडक्यांचे 100 फूट झाले. व्हेंटिलेटर दोन बाय दीड, म्हणजे तीन फूट. बिलात लागलं आठ फूट. विचारलं तर दुकानदार म्हणाला, "काकू, आठच्या खाली आम्ही धरतच नाही. खिडकी छोटी असली तरी कोपरे चारच जोडावे लागतात ना." बोलणं खोटं नव्हतं, पण हे कोटेशनच्या तळाशी बारीक अक्षरात होतं आणि चष्मा माझ्या पर्समध्ये होता. 108 फुटांचे 77,760, त्यावर 18 टक्के जीएसटी, एकूण 91,757.

मी समजले, झालं. पुढे ग्रिल, गवंडी, ग्रॅनाइटच्या पट्ट्या, मलब्याची ट्रॉली आणि रंग मिळून आणखी 46,000 गेले. यातलं एकही दुकानाच्या कोटेशनमध्ये नव्हतं आणि "नाही" असंही कुठे लिहिलेलं नव्हतं. दुकानाचं नाव मी इथे देत नाही. मालक अजून फोन उचलतो आणि आमची एक जाळी त्याच्याकडून यायची आहे.

जुन्या खिडक्या सागवानी, उभे गज, दोन-दोन लाकडी झडपा. दोन चौकटींना वाळवी लागली होती, तीन झडपा बंदच होत नव्हत्या. एप्रिल-मे महिन्यात दुपारी गरम वारा सुटला की ताटातल्या भाकरीवर धूळ. मुलगा पुण्याहून म्हणाला, "आई, यूपीव्हीसी कर, पुन्हा बघायला नको." आम्हा खान्देशवाल्यांना पीव्हीसीचं नवल नाही, शेतात पाइप टाकून हयात गेली. पण खिडकीच्या या सेक्शनमध्ये नुसतं प्लॅस्टिक नसतं, आत लोखंडी पट्टी घातलेली असावी लागते, नाहीतर मोठी झडप उन्हात वाकते. ती आहे की नाही हे बाहेरून दिसत नाही. नातवाने जुन्या स्पीकरचं चुंबक आणून दिलं, ते मी दुकानात नमुन्याच्या चौकटीला लावून बघितलं. चिकटलं. माल घरी आला तेव्हा प्रत्येक चौकटीला पुन्हा लावलं. फिटिंगवाली पोरं हसत होती, हसू देत. सगळीकडे चिकटलं, मालात फसवणूक नव्हती, हे दुकानाच्या बाजूने सांगायलाच हवं.

घोळ झाला तो मापात.

माप घ्यायला जो मुलगा आला त्याने प्रत्येक खिडकीची रुंदी वर एकदा मोजली, उंची एका बाजूला एकदा मोजली, वहीत लिहिलं आणि चहा पिऊन गेला. मीही काही बोलले नाही. आमच्या प्लॉटखाली काळी माती आहे. ती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात हात जाईल एवढी भेगाळते, आणि तिच्यावरचं घर चाळीस वर्षं तिच्यासोबत थोडं थोडं हलतं. खिडकीच्या कोपऱ्यापासून तिरप्या भेगा निघालेल्या असतील तर समजून घ्या की भिंतीतला गाळा, म्हणजे खिडकीसाठी सोडलेली जागा, काटकोनात राहिलेला नाही. रुंदी वर, मध्ये आणि खाली मोजायची, उंचीही तीन ठिकाणी, आणि त्यातलं सगळ्यात कमी माप धरायचं. शिवाय दोन्ही कर्ण मोजायचे. हे मला नंतर गवंड्याने शिकवलं. तोवर हॉलच्या खिडकीचे कर्ण वीस मिलीमीटरने कमी-जास्त निघाले होते आणि नवी चौकट बसवून झाली होती. चौकट ओळंब्यात, भिंत तिरकी, म्हणून एका बाजूला सुई जाईना आणि दुसऱ्या बाजूला खालच्या कोपऱ्यात माझी दोन बोटं सहज जात होती. चौकटीभोवती पाच ते दहा मिलीमीटरची फट ठेवतातच, तीत फोम आणि सिलिकॉन भरायचं असतं. दोन बोटांची फट ही फट नव्हे, ते बीळ.

पण मी पुढे पळाले, आधी तोडफोड. अखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, झाल्यावर ऑर्डर दिली होती, "पंधरा दिवसांत" म्हणाले, माल आला तेहतीसाव्या दिवशी. जून लागला होता. फिटिंगवाल्या मुलांनी पहार आणि ग्राइंडर काढलं, आणि पहिल्या चौकटीचे हातभर लांब होल्डफास्ट, म्हणजे चौकट भिंतीत धरून ठेवणाऱ्या लोखंडी पट्ट्या, भिंतीतून उपटले तेव्हा सोबत टोपलीभर प्लास्टर आलं. माझ्या कुरडया आणि ज्वारीचे पापड माळ्यावर डब्यात होते, तरी डब्याच्या झाकणावर बोटाने नाव लिहिता येईल इतकी धूळ. कपाटांना चादरी नुसत्या टाकून भागत नाही, त्या दोरीने बांधाव्या लागतात. आणि एका दिवसात एकाच खोलीच्या खिडक्या काढू द्या. आमच्याकडे पहिल्याच दिवशी सहापैकी चार खिडक्या एकदम काढल्या, दोन बसल्या, संध्याकाळी मुलं निघून गेली.

जुने गज लाकडी चौकटीतच असतात. चौकट निघाली की गजही गेले, हे कुणी आधी सांगत नाही. त्या रात्री दोन खिडक्यांच्या जागी ताडपत्री होती आणि आमचे हे हॉलमध्ये काठी घेऊन झोपले. झोपले कसले, दर अर्ध्या तासाने मला "जागी आहेस ना?" विचारत होते. ग्रिल खिडकीच्या आधी बनवून घ्यायला हवी होती. ग्रिलवाला वेगळा, तो म्हणे खिडकी बसल्याशिवाय माप घेत नाही; खिडकीवाला म्हणे ग्रिल बसल्याशिवाय सिलिकॉन मारत नाही. दोघांना मी एकाच दिवशी घरी बोलावलं तेव्हा कुठे सुटलं.

जुनी लाकडं "फुकटात उचलून नेतो" असं दुकानदार फार प्रेमाने म्हणाला होता. सासूबाईंनी नेऊ दिली नाहीत. वाळवी खालच्या उंबऱ्यापुरतीच होती, बाकी लाकूड खणखणीत सागवान. सुतार ते बघून गेला, त्याने दिलेला आकडा ऐकून मला दुकानदाराच्या प्रेमाचं कारण कळलं.

मग पाऊस. आषाढात इथे वारा कसा वाहतो हे धुळेकरांना सांगायला नको. साक्रीकडे ब्राह्मणवेलला पवनचक्क्या उगाच उभ्या नाहीत. पश्चिमेच्या दोन खिडक्यांतून पहिल्याच झोडप्यात पाणी आत. फोन केला, दुकानातला मुलगा आला, "आंटीजी, सिलिकॉन मार देते हैं," म्हणाला आणि आतून आणखी एक रेघ ओढून गेला. दुसऱ्या झोडप्यात पुन्हा पाणी. शेवटी आम्हीच शोधलं. स्लायडिंगच्या खालच्या पट्टीत पाणी साचणारच. ते बाहेर जायला पट्टीला बाहेरच्या बाजूने छोटी आडवी छिद्रं असतात. आमच्या गवंड्याने ग्रॅनाइट बसवताना ती पांढऱ्या सिमेंटने गुळगुळीत लिंपून टाकली होती, आणि वर काम बघून मी त्याला शाबासकीही दिली होती. सायकलच्या तारेने छिद्रं मोकळी केली, पाणी बंद. दुसऱ्या खिडकीत ग्रॅनाइटची पट्टीच आतल्या बाजूला उतरती होती, ती उखडून बाहेर उतार देऊन पुन्हा बसवली. आणि हॉलच्या त्या बिळात नुसता फोम भरला होता, बाहेरून काहीच नाही. फोम ऊन खाऊन पिवळा पडतो आणि भुरभुरतो. तो बाहेरून झाकलाच पाहिजे. आमच्याकडे तीन महिन्यांत खारीने उकरला.

या प्रत्येक वेळी खिडकीवाला म्हणाला, हे गवंड्याचं. गवंडी म्हणाला, हे खिडकीवाल्याचं. दोघंही आपापल्या जागी बरोबर. खिडकीची वॉरंटी दहा वर्षांची आहे, भिंतीची कुणाचीच नाही, आणि पाणी येतं ते या दोघांच्या मधून. आता कुणी विचारलं तर मी एवढंच सांगते: चौकट आणि भिंत यांच्या मधली जागा कोण भरणार, आतून आणि बाहेरूनही, हे कोटेशनवर पेनने लिहून घ्या. आणि शेवटचे दहा टक्के एक मोठा पाऊस होईपर्यंत देऊ नका. मी सगळे देऊन बसले होते, म्हणून मला "उद्या येतो" हे शब्द पाठ झाले.

आता कूलर. याबद्दल पुण्याच्या मुलाला काय कळणार. आमचा कूलर बाहेर लोखंडी घोडीवर उभा असतो आणि त्याचं तोंड बेडरूमच्या खिडकीत. जुनी खिडकी सताड उघडायची. स्लायडिंग अर्धीच उघडते, चार फुटांतून मोकळे मिळतात जेमतेम एकवीस इंच. कूलरचं तोंड सव्वीस इंचांचं. शिवाय मध्ये ग्रिल. सासूबाई चौऱ्याऐंशीच्या, काचेकडे बघून म्हणाल्या, "हाई खिडकी शे का आरसा? वारा कथाईन येई?" शेवटी हॉलच्या मोठ्या खिडकीची ग्रिल कापून तिला छोटं दार केलं, कूलर तिथे गेला आणि सासूबाईंची खाटही. "पूर्ण हवाबंद" असं दुकानदार अभिमानाने सांगतो ते एसीवाल्यांसाठी ठीक. कूलरला समोरची खिडकी उघडी लागते, नाहीतर खोलीचं भिजलेलं गोणपाट होतं.

उन्हाचंही थोडं तसंच. लाकडी झडप लावली की ऊन बाहेर राहायचं. पश्चिमेच्या खिडकीला आम्ही साधी पाच मिलीमीटरची पारदर्शक काच घेतली, आणि यंदा मे महिन्यात चार वाजता तिच्यासमोरची फरशी पायाला चटका देत होती. आतून पडदा लावून उपयोग कमी, ऊन काचेतून आत आलेलंच असतं. आता बाहेरून वाळ्याचा पडदा लावलाय. पुन्हा करायचं झालं तर त्या एका खिडकीला रिफ्लेक्टिव्ह काच घेईन आणि बेडरूमला स्लायडिंगऐवजी उघडणारी झडप.

मग चांगलं काही आहे की नाही? आहे. धूळ खरंच कमी झाली, भाकरी भाकरीसारखी लागते. रात्री रस्त्यावरच्या ट्रकचे हॉर्न ऐकू येतात पण दचकायला होत नाही. वर्षभरात एकही चाक अडकलं नाही, फक्त ट्रॅकमधली धूळ आठवड्याला ब्रशने काढावी लागते. काचेची बाहेरची बाजू मात्र ग्रिलमधून हात घालून पुसायची, त्यात माझा हात कोपरापर्यंतच जातो.

मालाला पाचपैकी साडेचार, फिटिंगला दोन. कानबाईच्या, म्हणजे आमच्या खान्देशी देवीच्या सणाच्या, आधी घराला रंग द्यायचा म्हणून मागच्या आषाढात जी घाई केली ती भोवली, नाहीतर गवंड्यावर लक्ष ठेवलं असतं. सुतारानं त्या सागवानाचा चौरंग केलाय. यंदा कानबाई त्यावर बसेल, भाऊबंद रोटाला, म्हणजे तिच्या प्रसादाला, येतील आणि व्हेंटिलेटरकडे बघून विचारतील, याला जाळी का नाही.

काल फोन केला होता. उद्या येतो म्हणाला.