बर्डीवरच्या अमेरिकन राज्यव्यवस्थेच्या नोट्स : घ्या, पण लाल पेन जवळ ठेवा

नागपूरच्या सीताबर्डीवरच्या झेरॉक्स दुकानांत सध्या एक स्पायरलचा संच जोरात खपतोय. विषय अमेरिकेची राज्यव्यवस्था आणि इतिहास, मराठीतून, ९६ पानं, १४० रुपये. तयार करणाऱ्याचं नाव नाही, सालही नाही. बीए-एमएची मुलं घेतात आणि यूपीएससीवालेही घेतात, कारण जीएस-२ मध्ये, म्हणजे मुख्य परीक्षेच्या सामान्य अध्ययनाच्या दुसऱ्या पेपरमध्ये, भारतीय घटनेची इतर देशांच्या घटनांशी तुलना आहे आणि त्यावर मराठीत सुटसुटीत काही मिळत नाही.

आकड्यांच्या बाबतीत संच बराच भरवशाचा आहे. गोंधळ केलाय नावांनी. यात अमेरिकेचे ‘राष्ट्रपती’ आहेत, प्रतिनिधिगृहाला कंसात ‘लोकसभा’ आहे, सिनेटला ‘राज्यसभा’. आपला शब्द वापरला की त्याच्या मागोमाग आपले नियमही आत शिरतात, आणि इथे ते पानोपानी शिरलेत. ४ नोव्हेंबर १९४८ ला घटनेचा मसुदा मांडताना बाबासाहेबांनी नेमका हाच धोका सांगितला होता : दोन्हीकडे पदाचं नाव एकच, पण नावापलीकडे साम्य काही नाही. आपले राष्ट्रपती इंग्लंडच्या राजाच्या जागी आहेत, अमेरिकेच्या अध्यक्षाच्या नाही. दीक्षाभूमीच्या पुस्तकांच्या गर्दीत ते भाषण शोधून वाचा, या संचातल्या पहिल्या प्रकरणापेक्षा जास्त कामाचं आहे.

सिनेटचं पान बघा. ‘सदस्यांची निवड राज्य विधिमंडळे करतात’ असं छापलंय. १९१३ पर्यंत तसंच होतं. त्या वर्षीच्या १७व्या घटनादुरुस्तीपासून मतदार थेट निवडतात. पुढे ‘आर्थिक विधेयकावर अधिकार नाममात्र’. हे सरळ आपल्या राज्यसभेवरून उचललेलं, जिला धनविधेयक १४ दिवसांत परत करावंच लागतं. अमेरिकेत महसुलाचं विधेयक प्रतिनिधिगृहातच सुरू व्हावं लागतं एवढीच अट. सिनेट त्यात बदल करू शकतं, पाडूही शकतं. जागांचंही तसंच. राज्यसभेत उत्तर प्रदेशाला ३१ आणि महाराष्ट्राला १९. सिनेटमध्ये कॅलिफोर्निया असो की वायोमिंग, प्रत्येकी २. करारांना दोन-तृतीयांश मतांनी संमती आणि न्यायाधीशांच्या नेमणुकीला मान्यता हे सिनेटचे खरे दात, आणि त्यांना संचात दीड ओळ मिळालीय. एक साम्य मात्र पक्कं आहे : दोन्हीकडे उपराष्ट्राध्यक्ष-उपराष्ट्रपती सभागृहाचे पीठासीन, आणि मत फक्त समसमान झालं तरच. तेच संचात नाही!

मंत्रिमंडळाबद्दल ‘मंत्री काँग्रेसला (म्हणजे तिथल्या संसदेला) जबाबदार’ हे वाक्य खोडून टाका. नागपूरच्या मुलांना हा फरक समजवायला पुस्तक लागू नये. डिसेंबरात हिवाळी अधिवेशन भरतं, मोर्चे मॉरिस कॉलेज टी-पॉइंटवर अडवले जातात आणि मंत्री विधानभवनात उभे राहून उत्तरं देतात, कारण ते स्वतः सदस्य असतात. अमेरिकेत काँग्रेसच्या सदस्याला मंत्री व्हायचं असेल तर आधी सदस्यत्व सोडावं लागतं. त्यामुळे अविश्वास ठराव हा प्रकारच तिथे नाही.

आता पॉकेट व्हेटो, म्हणजे संचातली सगळ्यात महागात पडणारी चूक. ‘अध्यक्ष विधेयक कितीही काळ अडवून ठेवू शकतात’ असं लिहून खाली उदाहरण आपले राष्ट्रपती झैलसिंग यांचं, १९८६ च्या टपाल विधेयकाचं. उदाहरण खरं आहे, पण ते भारतातलं. आपल्या कलम १११ मध्ये मुदत नाही म्हणून ते शक्य झालं. अमेरिकेत घड्याळ लावलेलं आहे. रविवार वगळून १० दिवस. तेवढ्यात सही केली तर कायदा. आक्षेपांसह परत पाठवलं तर नकाराधिकार, जो दोन्ही सभागृहं दोन-तृतीयांश मतांनी मोडू शकतात. काहीच केलं नाही आणि काँग्रेस सुरू असेल तर सहीशिवाय कायदा. काहीच केलं नाही आणि त्या मुदतीत काँग्रेस तहकूब होऊन विधेयक परत पाठवायची सोय उरली नाही, तरच ते खिशात मरतं. तो पॉकेट व्हेटो, आणि तो मोडता येत नाही. उत्तरपत्रिकेत या चार वाटा लिहिल्या की काम झालं.

घटनादुरुस्तीच्या आकृतीतला शेवटचा बाण अध्यक्षांच्या सहीकडे जातो. तो पुसा. दोन्ही सभागृहांत दोन-तृतीयांश आणि मग तीन-चतुर्थांश राज्यं, म्हणजे ५० पैकी ३८. अध्यक्षांची सही लागत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने १७९८ मध्येच सांगितलं. बाण आला आपल्याकडून : १९७१ च्या २४व्या दुरुस्तीने राष्ट्रपतींना संमती देणं बंधनकारक केलं.

महाभियोगाच्या चौकटीत ‘पदच्युत अध्यक्ष’ म्हणून जॉन्सन, निक्सन, क्लिंटन. एकही पदच्युत नाही. प्रतिनिधिगृह साध्या बहुमताने आरोप ठेवतं, सिनेट दोन-तृतीयांशांनी दोषी ठरवतं. १८६८ मध्ये जॉन्सन एका मताने वाचले, क्लिंटन सुटले, ट्रम्प यांच्यावर २०१९ आणि २०२१ असे दोनदा आरोप झाले आणि दोन्ही वेळा सुटले. निक्सन यांनी तर प्रतिनिधिगृहाचं मतदान व्हायच्या आधीच, ऑगस्ट १९७४ मध्ये राजीनामा दिला.

एवढं खोडल्यावर उरतं काय? तर निर्वाचक मंडळाचं, म्हणजे अध्यक्ष निवडणाऱ्या मंडळाचं प्रकरण, आणि ते खरोखर उत्तम जमलंय. प्रतिनिधींइतके ४३५ अधिक सिनेटरांइतके १०० अधिक राजधानीचे ३, असे ५३८, जिंकायला २७०. कॅलिफोर्नियाचे ५२ प्रतिनिधी आणि २ सिनेटर मिळून ५४, वायोमिंगचे १ आणि २ मिळून ३, हा हिशेब मांडून दाखवलाय. मेन आणि नेब्रास्का सोडून बाकी राज्यांत जिंकणारा सगळी मतं नेतो, म्हणून २००० आणि २०१६ मध्ये देशभरात कमी मतं मिळालेला उमेदवार अध्यक्ष झाला. कुणालाच २७० नाहीत तर प्रतिनिधिगृहात राज्यागणिक एक मत आणि २६ ला निकाल, १८२४ च्या ॲडम्सच्या उदाहरणासकट. फक्त ‘नोव्हेंबरचा पहिला मंगळवार’ दुरुस्त करा : पहिल्या सोमवारनंतरचा मंगळवार. २०१६ मध्ये १ तारखेलाच मंगळवार होता आणि मतदान झालं ८ ला.

इतिहासाचा भाग घाईत उरकलाय. १७७६ च्या स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्यावरून थेट १७८७ च्या घटनेवर उडी. मधली १७८१ ची राज्यसंघाची व्यवस्था गायब, आणि त्या काँग्रेसला कर लावायचा अधिकारच नव्हता हे कळल्याशिवाय घटना लिहायला फिलाडेल्फियाला माणसं का जमली ते कळत नाही. ‘१ जानेवारी १८६३ ला लिंकनने गुलामगिरी संपवली’ हेही अर्धवट. ती घोषणा बंडखोर भागापुरती होती; बंडात नसलेल्या केंटकी-डेलावेअरमधली गुलामगिरी १८६५ च्या १३व्या घटनादुरुस्तीने गेली.

पैसे देण्याआधी शेवटचा २७ घटनादुरुस्त्यांचा तक्ता उघडून पाहा. काही प्रतींत स्पायरलची भोकं बरोबर सालांच्या रकान्यावर पडलीत. दुकानदाराला सांगितलं की तेवढं पान तो नवीन काढून देतो.